माझा दोष मला सांगा

ब्रिस्टल शहरात 15 फेब्रुवारी 1742 रोजी मेथडिस्ट लोकांची बैठक भरली ती कर्जाच्या विवंचनेतून. 1739 मध्ये बांधायला घेतलेल्या ‘न्यू रूम’ या प्रार्थनागृहाचे पैसे अजून फिटले नव्हते. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवले की, कर्ज फिटेपर्यंत प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणाले, आपल्यातल्या कित्येकांना तेवढेही झेपणारे नाही. तेव्हा फॉय यांनी सगळ्यांत गरीब अशी अकरा माणसे स्वतःच्या वाट्याला मागून घेतली. दर आठवड्याला मी त्यांच्याकडे जाईन, त्यांनी दिले तर उत्तम, नाही दिले तर त्यांच्या नावचे मी भरीन, असा त्यांनी शब्द दिला. मग इतरांनीही आपापले अकरा शेजारी वाटून घेतले.

वर्गणीसाठी हे लोक दारोदार फिरू लागले आणि त्यांना घरे आतून दिसू लागली. एका घरी नवराबायकोचे भांडण जुंपलेले, दुसरीकडे सभासद दारूच्या नशेत. ही खबर मेथडिस्टांचे पुढारी जॉन वेस्ली यांच्या कानावर आली, तेव्हा आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच, असे त्यांना वाटले. हजारोंच्या जमावापुढे ते मैदानात उपदेश करत, पण ऐकणाऱ्यांच्या घरी सोमवारी काय चालते हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. पुढे घरोघर फिरणे अडचणीचे होऊ लागले. पुष्कळ सभासद धन्याच्या घरी राहणारे नोकरचाकर होते. तिथे बाहेरच्याला आत येऊ कोण देणार, आणि दिले तरी चार शब्द एकांतात कसे बोलणार? म्हणून त्या बारा-बारा जणांनी आठवड्यातून एकदा एका जागी जमायचे ठरले. ‘क्लास’ या नावाने जी रीत पुढे मेथडिस्ट मंडळ्यांतून पिढ्यान् पिढ्या चालली, ती अशी वर्गणीच्या वहीतून जन्माला आली.

विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना प्रेमाने जाब विचारावा कसा आणि द्यावा कसा, हा या पुस्तकाचा विषय. त्याच्या प्रस्तावनेत ही हकिकत मी सर्वांत आधी सांगते याला कारण आहे. दारात उभा राहून चौकशी करणारा तो माणूस आधी खिशात हात घालून आलेला होता. समोरच्याची पेनी भरण्याची तयारी ज्याने दाखवली, त्याने ‘तुमचं घरी कसं चाललंय?’ असे विचारले तर ते खुपत नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये विचारणारे खूप आहेत. पेनी भरणारे शोधावे लागतात. हे पुस्तक हाती घेणाऱ्याने ही गोष्ट मनाशी पक्की करून मगच पान उलटावे, असे मला कळकळीने वाटते.

आजची आपली परिस्थिती लपवण्यासारखी नाही. मंडळीत कोणाचे पाऊल घसरले की दोनच गोष्टी होतात. पहिली कुजबुज. उपासना संपल्यावर गेटपाशी, लग्नाच्या पंगतीत, फोनवर, आणि अलीकडे तर ‘प्रार्थनेसाठी विषय’ म्हणून व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर. ज्याच्याबद्दल बोलणे चालते, त्याला सोडून साऱ्या गावाला ठाऊक होते. दुसरी गोष्ट म्हणजे ठराव. वर्ष-दोन वर्षे कुजबुज झाल्यावर एके दिवशी कमिटीची सभा बोलावतात, मिनिट्स लिहितात आणि त्या कुटुंबाला पत्र जाते. प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याची शिस्त आपल्याकडे मिशनच्या काळापासून चालत आली. तिच्या मागे पवित्रतेची खरी तळमळ होती, हे मी मान्य करते. पण कुजबुज आणि ठराव यांच्या मधली जागा, जिथे दोन माणसे समोरासमोर बसून बोलतात, ती आपण गमावून बसलो. पत्र मिळालेले कुटुंब सहसा परत येत नाही. ते दुसऱ्या मंडळीत जाते, नाहीतर रविवारी घरीच बसते, आणि आपण म्हणतो, ‘ते थंड पडले.’

प्रभू येशूने ही मधली जागा आखून दिली होती. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम स्वच्छ आहे: आधी तू आणि तो, दोघेच. ऐकले नाही तर आणखी एक-दोघांना घेऊन जा. तरीही नाही, तरच मंडळीला सांग. आपण तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो. याच अध्यायात त्या क्रमाच्या आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे आणि नंतर सत्तर वेळा सातदा क्षमा करण्याची आज्ञा. त्या दोहोंच्या मधून ही तीन वचने उचलून मंडळीच्या घटनेत कलम म्हणून घातली, की त्यांचा प्राण जातो. करिंथच्या मंडळीचेही तसेच. तिथल्या एका माणसाला शिक्षा झाली हे सगळ्यांना पाठ असते. दुसऱ्या पत्रात पौल त्याच मंडळीला सांगतो की, ज्याला शिक्षा झाली त्याला आता पुरे झाले, त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. ते दुसरे पत्र मंडळीच्या सभेत वाचलेले मी क्वचितच ऐकले आहे.

वेस्ली यांच्या क्लासच्याही आधी ‘बँड’ नावाचे आणखी लहान गट होते. डिसेंबर 1738 मध्ये त्यांचे नियम लिहिले गेले. आठवड्यातून एकदा जमायचे, ठरल्या वेळी यायचे, गीत किंवा प्रार्थनेने सुरुवात करायची आणि मग एकेकाने आपल्या जिवाची खरी अवस्था सांगायची. मागच्या बैठकीनंतर जाणूनबुजून कोणते पाप घडले, कोणते मोह आले, त्यांतून सुटका कशी झाली, असे ठरलेले प्रश्न असत. हे प्रश्न पुष्कळांना माहीत असतात. मला त्याहून मोलाचे वाटतात ते आत येण्यापूर्वीचे प्रश्न. नव्याने येणाऱ्याला आधीच विचारत: तुझे दोष तुला सांगावेत अशी तुझी इच्छा आहे का? सगळे दोष, आडपडदा न ठेवता? आमच्या मनात तुझ्याविषयी जे येते, जी भीती वाटते, जे कानावर येते, ते आम्ही तुला सांगावे असे तुला खरोखर वाटते का? इथे ‘हो’ म्हणणाऱ्यालाच आत जागा होती. दुसरी अट अशी की, गटातला एक जण आधी स्वतःची अवस्था सांगणार आणि मगच इतरांना विचारणार. म्हणजे दार आतून उघडलेले, आणि आत पाऊल टाकणारा स्वतः तपासून घेऊन आलेला. या दोन अटी नसतील तर बाकीचे सारे नियम पाळूनही हाती येईल ती फक्त हेरगिरी.

आमच्या गावातल्या एका लहानशा महिला गटाचे उदाहरण देते. चार-पाच जणी गुरुवारी संध्याकाळी एकीच्या स्वयंपाकघरात बसत. वचन वाचून झाले की हाताला काही ना काही काम असे. त्या दिवशी मटार सोलणे चालले होते. त्यांतल्या सर्वांत वयस्कर बाई साक्ष द्यायला उभ्या राहिल्या की मंडळीचे डोळे भरून येत. त्याच म्हणाल्या, ‘माझ्यात काही खटकत असेल तर सांगा गं.’ कोणी काही बोलेना. मग त्यांच्या शेजारी राहणाऱ्या, वयाने कितीतरी लहान असलेल्या एका शिक्षिकेने हातातली शेंग खाली ठेवली. ‘मावशी, तुमच्या सूनबाईंबद्दल बोलू? ती सेकंड शिफ्ट करून रात्री अकराला येते. तिच्यासाठी झाकून काही ठेवलेलं नसतं. कधी कधी ती माझ्याकडे येऊन दोन घास खाते.’

मावशींनी मान वर केली नाही. चहा न घेता घरी गेल्या. पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. तेव्हा ती शिक्षिका त्यांच्या घरी गेली आणि आपले म्हणणे पुन्हा सांगण्याऐवजी तिने स्वतःची चूक कबूल केली: ‘तुमच्याशी बोलण्याआधी मी हे दुसऱ्या एकीजवळ बोलले होते. ते चुकलं माझं.’ मावशी त्यावरही फारसे बोलल्या नाहीत, पण गटात परत आल्या. बऱ्याच दिवसांनी आपला नंबर आला तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितले, ‘ताट झाकून ठेवते आता. बोलणं अजून जड जातं. त्यासाठी प्रार्थना करा.’ सगळे गोड झाले असे मी म्हणत नाही. त्या घरात अजूनही अबोला असतो. पण ती मुलगी रात्री जेवून झोपते. मंडळीच्या कुठल्याही कमिटीच्या अजेंड्यावर हा विषय कधी आला नसता, आणि आला असता तर बिचारीच्या संसाराचे काय झाले असते, देव जाणे.

परस्परांच्या पाठीमागे बोलण्याचा हा रोग फार जुना आहे. जर्मनीत धर्मशास्त्रज्ञ डिट्रिख बोनहोफर यांनी 1935 ते 1937 या काळात फिंकेनवाल्डे येथे पाळकीय शिक्षणाचे एक केंद्र चालवले. नंतर गेस्टापोने ते बंद केले. तिथे एक नियम होता: बंधू हजर नसताना त्याच्याविषयी बोलायचे नाही, आणि चुकून बोललेच तर नंतर जाऊन त्याला तसे सांगायचे. नियम रोज मोडला जाई आणि रोज पुन्हा धरला जाई. उपदेशांतून जेवढे शिकलो, जवळजवळ तेवढेच आपण या एका नियमातून शिकलो, असे तिथल्या एका विद्यार्थ्याने पुढे लिहिले. आपल्या एखाद्या मंडळीने वर्षभर दुसरे काही न करता एवढे जरी पाळले, तरी या पुस्तकाचे चीज होईल.

आता या वाटेवरच्या खड्ड्यांविषयी. मार्च 1743 मध्ये न्यूकॅसल इथे वेस्ली यांनी 64 जणांना मेथडिस्ट संघातून काढले आणि कारणे नोंदवून ठेवली. दारूबाजीसाठी 17, शिव्याशापांसाठी 2, शब्बाथ मोडल्याबद्दल 2, दारू विकल्याबद्दल 2, मारामारीसाठी 3, सवयीने खोटे बोलण्यासाठी 3, निंदानालस्तीसाठी 4, आळसासाठी 1, बायकोला मारल्याबद्दल 1. आणि उरलेले 29? थिल्लरपणा आणि बेफिकिरी. ही यादी वाचताना मी दर वेळी अडखळते. जवळजवळ निम्मी माणसे अशा कारणासाठी बाहेर गेली, की ज्याचे मोजमाप करणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. आणि बायकोला मारणारा फक्त एक! त्या काळच्या न्यूकॅसलमध्ये एकच असेल यावर माझा विश्वास बसत नाही. घराच्या आतले दुःख सांगायला बायकांना जागा मिळाली नाही, की पुरुषांना ते ऐकूच आले नाही? वेस्ली यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे, म्हणूनच हे लिहिते. नजर दिसण्यावर गेली की थिल्लर तरुण सापडतो आणि मारणारा नवरा सुटतो. आपल्याकडेही तेच होते: मुलीची जीन्स आणि मुलाचे केस यांवर सभा होते.

दुसरा खड्डा आपल्याच इतिहासातला आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. तिथल्या सेंट मेरी संघाच्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक. पुढच्या काही वर्षांत दोघींमध्ये जो पत्रव्यवहार झाला तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 मध्ये प्रसिद्ध केला. मंडळीत जबाबदारीचे स्थान असलेल्या प्रत्येकाने तो वाचावा. जेराल्डिन यांना रमाबाईंची काळजी होती, हे पानापानांवर दिसते. पण काळजीचे रूपांतर हुकमात कधी झाले हे त्यांना समजले नाही. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी रमाबाईंच्या मनात शंका होत्या. त्या शंका जेराल्डिन यांना अहंकार वाटल्या. चेल्टनहॅमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत मागवले गेले. रमाबाईंनी नम्रपणे पण ठामपणे कळवले की, एका पुरोहितशाहीचे जू मानेवरून काढले ते दुसरे घालण्यासाठी नाही. आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा हिशेब आपण देवाला देऊ, असे त्यांचे म्हणणे होते.

आणि तरीही त्याच रमाबाई जेराल्डिन यांना ‘आजीबाई’ म्हणत राहिल्या, वर्षानुवर्षे लिहीत राहिल्या. मतभेद मिटले नाहीत, नाते तुटले नाही. मला यातून एवढे घ्यावेसे वाटते की, विचारणाऱ्याने प्रश्न विचारून थांबायला शिकले पाहिजे. उत्तर देणाऱ्याचे मन देवापुढे त्याचे स्वतःचे आहे. नाथान संदेष्ट्यानेही दावीद राजाला एका गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली आणि न्याय राजाच्याच तोंडून येऊ दिला.

रमाबाईंनीच पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जानेवारी 1905 पासून मुलींना रोजच्या प्रार्थनेसाठी एकत्र आणले. त्या जूनमध्ये तिथे जी जागृती झाली, तिच्यात मुली आपण होऊन, रडत, एकमेकींपुढे पाप कबूल करत होत्या. ज्या बाईने स्वतःवर जबरदस्ती होऊ दिली नाही, तिच्या छायेखाली हे घडले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

तिसरा खड्डा सर्वांत धोक्याचा. गुन्हा हा गटात मिटवण्याचा विषय नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर ‘आधी तू आणि तो, दोघेच’ हे वचन पुढे करून पीडिताला अपराध्यासमोर बसवणे म्हणजे वचनाचा गैरवापर आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे. त्यातून पाळक सुटत नाहीत, वडीलही सुटत नाहीत. मार खाणाऱ्या बायकोला ‘तू क्षमा कर’ एवढेच सांगून घरी पाठवणेही असेच. गटातल्या गोष्टी गटातच राहाव्यात हा नियम कबुली देणाऱ्याच्या संरक्षणासाठी आहे. दुबळ्याला इजा करणाऱ्याला त्याच्या आड लपता येऊ नये. लेखकाने यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे आणि ते गुळमुळीत लिहिलेले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

ही सारी परदेशी रीत आहे, आपल्या मातीत ती रुजणार नाही, असे काहींना वाटेल. पण 1871 च्या अखेरीस मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर मुंबईत आले आणि नव्याने विश्वास ठेवणाऱ्यांचे घराघरांत लहान गट बांधू लागले. सुरुवातीला त्यांत इंग्रजी बोलणारेच जास्त होते. पुढच्या वर्षी मुंबईतली मेथडिस्ट मंडळी उभी राहिली ती या गटांमधून. इमारत, निधी, मिशनचा पगार यांपैकी काही नसताना, बैठकीच्या खोलीत जमलेल्या माणसांपासून ती सुरू झाली. मिशनचा पगार नाकारून मुंबईच्या बाजारवस्तीत साधेपणाने राहिलेले मिशनरी जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. तेव्हा ही वाट आपल्या अंगणातून गेलेली आहे. वापर नसल्याने तिच्यावर गवत वाढले आहे. शिवाय ज्या मराठी माणसाला वारीतल्या दिंडीत एकमेकांना सांभाळून चालणे ठाऊक आहे, त्याला बारा जणांचा गट अनोळखी वाटण्याचे काहीच कारण नाही.

एक प्रश्न मात्र प्रत्येक मंडळीत येतो: पाळकांना कोण विचारणार? आपल्याकडे पाळक सर्वांच्या घरी जातात, त्यांच्या घरी मात्र कोणी प्रश्न घेऊन जात नाही. बदली, पगार, मुलांची शिक्षणे, कधी खचलेला विश्वास, हे सारे ते एकट्याने वाहतात, आणि मग एखाद्या दिवशी आपल्याला धक्का बसतो. 1744 मध्ये वेस्ली यांनी प्रचारकांची पहिली वार्षिक परिषद लंडनला भरवली. अशा परिषदांमध्ये पुढे एकेका प्रचारकाचे नाव वाचून त्याच्याविषयी काही आक्षेप आहे का, असे सगळ्यांसमक्ष विचारण्याची पद्धत पडली. स्वतः वेस्ली यांना मात्र विचारणारे थोडे होते. 1749 मध्ये धाकट्या भावाने, चार्ल्स यांनी, ग्रेस मरे यांच्याशी ठरत असलेल्या त्यांच्या लग्नात हस्तक्षेप केला तो असा, की दोघा भावांचे एकमत होण्याआधीच ग्रेस यांचे लग्न दुसऱ्याशी लागून गेले. भावाची काळजी होती यात शंका नाही, पण बोलणे पुरे होईपर्यंत थांबायला हवे होते. पुढाऱ्याला वेळेवर, शांतपणे विचारणारे कोणी नसले की असे घाईचे, दुखावणारे प्रसंग येतात.

बोनहोफर यांनी निराळी वाट धरली. केंद्राचे प्रमुख असूनही त्यांनी आपली पापकबुली ऐकण्यासाठी स्वतःच्याच एका विद्यार्थ्याला, एबरहार्ड बेथगे यांना, विनंती केली. म्हणून पाळकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे की, हे पुस्तक त्यांनी शेवटच्या प्रकरणापासून वाचावे. ते त्यांच्यासाठीच लिहिले आहे. शेजारच्या दोन मंडळ्यांतले दोन पाळक शोधावेत, पंथ वेगळा असला तरी चालेल, आणि महिन्यातून एकदा तिघांनी बसावे. मंडळीतले गट त्यानंतर सुरू करावेत. घाई नको. पहिल्या काही बैठका नुसत्या चहाच्या झाल्या तरी हरकत नाही.